हॉलमधले स्पीकर: आधी अंतर, मग कोन

नवीन स्पीकर घरी आले की ते टीव्ही युनिटच्या दोन बाजूंना भिंतीला पाठ टेकवून उभे राहतात, समोरच्या भिंतीला सोफा असतोच, आणि मग थोड्या दिवसांनी "बेस फार घुमतोय, गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत" म्हणून माणूस नवी केबल नाहीतर नवा अँप (अँप्लिफायर) शोधायला लागतो. थांबा जरा. जागा बदलून जेवढा फरक पडतो तेवढा केबल बदलून पडत नाही, आणि जागा बदलायला एक मोजायची टेप, एक मास्किंग टेपचं बंडल आणि घरातल्यांनी दिलेली एक निवांत दुपार एवढंच लागतं.

दुसरं म्हणजे क्रम. बहुतेक जण स्पीकर आत वळवून बघण्यापासून, म्हणजे टो-इनपासून, सुरुवात करतात कारण ते एका हाताने होतं. पण कोन ही शेवटची गोष्ट आहे. आधी तुम्ही कुठे बसणार, मग स्पीकर भिंतीपासून किती लांब, मग दोघांमधलं अंतर, आणि हे सगळं बसलं की मग कोन. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक वेळी सगळं परत पहिल्यापासून.

उदाहरणाला आपल्याकडचा नेहमीचा फ्लॅटमधला हॉल घेऊ. 10 बाय 16 फूट, छत साडेनऊ फूट, भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एकीकडे बाल्कनीची सरकती काच आणि एकीकडे डायनिंगकडे उघडी जागा. हे मुद्दाम सांगतोय कारण अमेरिकन व्हिडिओंमधल्या घरांच्या भिंती बऱ्याचदा लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पाट्या ठोकलेल्या असतात, त्या थोडा बेस खातात आणि थोडा बाहेर जाऊ देतात. आपली भिंत काही खात नाही, जेवढा बेस येईल तेवढा परत पाठवते, त्यामुळे तोच स्पीकर आपल्याकडे जास्त घुमतो.

सुरू करण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

लाल वायर लालला आणि काळी काळ्याला, दोन्ही स्पीकरला आणि अँपलाही, हे डोळ्यांनी बघा. एक बाजू उलटी लागली असेल तर आवाज येतो, बंद पडत नाही, म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही, पण बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मध्ये न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. शंका असेल तर स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, प्लस लालला आणि मायनस काळ्याला, वूफर, म्हणजे बेस देणारा मोठा गोल पडदा, बाहेरच्या बाजूला हलला पाहिजे. दोन्ही स्पीकरचे वूफर एकाच दिशेला हलले म्हणजे झालं.

टोन कंट्रोल, लाउडनेस, बेस बूस्ट सगळं बंद. पंखाही बंद, हे गंमत म्हणून नाही सांगत, सीलिंग फॅनच्या आवाजात आणि हवेत बारीक गोष्टी कळतच नाहीत. रस्त्यावरची हॉर्नबाजी थांबल्यावर, रात्री दहाच्या आसपास कमी आवाजात केलेलं काम जास्त नीट होतं.

स्टेप 1: आधी तुमची खुर्ची

खोलीचा बेस दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून ठराविक ठिकाणी वाढतो आणि ठराविक ठिकाणी मरतो. त्यातली सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी काढायचं गणित सोपं आहे, 565 ला फुटातल्या लांबीने भागा. 16 फुटाला साधारण 35 हर्ट्झ, 10 फुटाला 56, साडेनऊ फुटाच्या छताला 59. आता बघा, रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे 56 आणि 59 एकमेकांच्या डोक्यावर बसतात, आणि बेस गिटारची ए तार 55 हर्ट्झला वाजते. म्हणजे आपल्या टिपिकल हॉलमध्ये बेसचा एकच सूर बाकीच्यांपेक्षा मोठा ऐकू येतो ही स्पीकरची चूक नाही, बिल्डरची आहे म्हणा हवं तर.

हा बेस भिंतीला चिकटून सगळ्यात जास्त असतो. म्हणून सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असला की डोक्याच्या जागी घुमणं जास्तीत जास्त. आणि खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्ये बसलात तर 35 हर्ट्झवाला सूर जवळपास गायब. म्हणून या दोन्ही जागा टाळायच्या. एक प्रचलित अंदाज असा की कुठल्यातरी आखूड भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर बसा, 16 फुटाच्या खोलीत म्हणजे मागच्या भिंतीपासून सुमारे सहा फूट. हॉलच्या मधोमध सोफा कोण ठेवू देणार, हे मलाही माहीत आहे. मग दीड-दोन फूट तरी पुढे ओढा, तेवढ्यानेही कळण्यासारखा फरक पडतो, आणि ऐकायच्या वेळेपुरती एक वेगळी खुर्ची पुढे घेऊन बसणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय. अगदीच शक्य नसेल तर डोक्यामागच्या भिंतीवर जाड गोधडी किंवा लोड उभे करून ठेवा. बेस त्याने कमी होणार नाही, पण डोक्यामागून लगेच परत येणारा वरचा आवाज कमी होतो आणि गाणं जरा मोकळं वाटतं.

कुठल्या भिंतीला स्पीकर ठेवायचे हाही याच स्टेपमधला प्रश्न. आखूड भिंतीला, म्हणजे 10 फुटाच्या, ठेवले तर बसायला लांबी मिळते पण बाजूच्या भिंती जवळ येतात. लांब भिंतीला ठेवले तर बाजूच्या भिंती लांब जातात, आवाजाची मांडणी, म्हणजे कुठलं वाद्य कुठून येतंय ते, सुंदर होते, पण सोफा मागच्या भिंतीला लागतोच. स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ स्पीकर असतील आणि आवाज फार मोठा ठेवत नसाल तर मी लांब भिंत निवडेन, जमिनीवर उभे राहणारे मोठे फ्लोअरस्टँडर असतील तर आखूड. पुढचं सगळं आखूड भिंत धरून लिहितोय.

स्टेप 2: स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून अंतर, सगळा बेस इथे ठरतो

वूफरमधून बेस चारी बाजूंना जातो, मागे जाऊन भिंतीवर आपटून परत येतो, आणि एका ठराविक फ्रिक्वेन्सीला तो पुढे जाणाऱ्या आवाजाच्या बरोबर उलटा पडतो, मग दोघे एकमेकांना मारतात आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे 282 भागिले फुटातलं अंतर, आणि अंतर स्पीकरच्या पाठीपासून नाही तर समोरच्या पट्टीपासून, जिथे वूफर बसवलाय तिथून मोजायचं. एक फुटावर खड्डा 280 च्या आसपास पडतो, दोन फुटांवर 140, तीन फुटांवर 94. दोन फुटांवर तो पुरुषी आवाजाच्या भरण्यात येतो, म्हणून भारदस्त गायकसुद्धा बारीक वाटायला लागतो. तीन फुटांवर तो खाली सरकतो आणि आवाज भरलेला राहतो.

मग करायचं कसं. एक पद्धत अशी आहे की स्पीकर बाजूला काढा, भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि साध्या आवाजात बोलत बोलत हळूहळू पुढे चालत या, काय बोलताय ते महत्त्वाचं नाही, किराण्याची यादी वाचलीत तरी चालेल. भिंतीजवळ तुमचाच आवाज जाड, फुगलेला वाटतो, आणि एका जागी आल्यावर तो सुटा होतो. समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला हे जास्त चांगलं कळतं, म्हणून ऐकायला कोणीतरी घ्या. सुटा आवाज कुठून कुठपर्यंत आहे ते जमिनीवर टेपच्या दोन पट्ट्यांनी मार्क करा. विल्सन ऑडिओवाले त्यांचे महागडे स्पीकर बसवताना याच जातीची पद्धत वापरतात, आपल्याला ती फुकट आहे.

आता एकच स्पीकर, समजा डावा, त्या पट्ट्यात ठेवा आणि दुसरा बंद. असं गाणं लावा ज्यात बेस गिटार किंवा डबल बेस एकेक सूर चढत-उतरत जातो, ढोलकीचा एकच ठोका लागतो ते नको. स्पीकर तीन-तीन इंच पुढे-मागे करा. शोधायचं काय, तर जास्त बेस नाही, सारखा बेस. प्रत्येक सूर साधारण सारख्या ताकदीने आला पाहिजे, एखादाच सूर उडी मारून अंगावर आला किंवा एखादा गायबच झाला तर ती जागा नको. जागा जवळ आल्यासारखी वाटली की एक-एक इंचाने करा.

एक काळजी घ्या, वूफरचं मागच्या भिंतीपासूनचं, बाजूच्या भिंतीपासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर तिन्ही सारखी नकोत. वूफर जमिनीपासून अडीच फूट, बाजूला अडीच आणि मागे अडीच असं झालं तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात. 10 फुटाच्या भिंतीला मागे तीन, बाजूला दोन असं सुरुवातीला धरा.

आणि ज्यांना भिंतीपासून लांब आणताच येणार नाही त्यांनी अर्धवट मध्ये लटकू नये. सरळ भिंतीजवळ ढकला, पाठीमागे पोर्ट (हवा जायचं भोक) असेल तर हवेला चार-पाच इंच सोडून. खड्डा वर जातो, जिथे तो कमी त्रास देतो, बेस वाढतो, आणि वाढलेला बेस कमी करणं सोपं असतं. पोर्टमध्ये कंपनीने दिलेला फोमचा बूच घाला, दिला नसेल तर गुंडाळलेला सुती मोजाही काम करतो, फक्त आत पडणार नाही एवढा घट्ट बसवा.

स्टेप 3: दोघांमधलं अंतर

पुस्तकी उत्तर आहे समभुज त्रिकोण, म्हणजे दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर तितकंच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्याचं. आपल्या हॉलमध्ये स्पीकर एकमेकांपासून सहा फूट (मध्यापासून मध्यापर्यंत) ठेवले की बाजूला दोन-दोन फूट उरतात. सहा फुटांचा त्रिकोण म्हणजे तुम्ही स्पीकरच्या बऱ्यापैकी जवळ बसणार, सात-आठ फुटांवर बसलात तरी चालतं, मांडणी थोडी अरुंद होते एवढंच.

इथे वापरायचं गाणं म्हणजे जुनं मोनो रेकॉर्डिंग. मेडियम वेव्हवर वाजलेली जुनी भावगीतं, नाट्यगीतं, हे मोनोच आहे, दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच येतं, म्हणून गाणारी व्यक्ती तुमच्या बरोबर समोर, दोन स्पीकरच्या मधोमध हवेत उभी दिसली पाहिजे. स्पीकर हळूहळू लांब न्या. एका टप्प्यानंतर मधला आवाज विरळ होतो, फाटतो, दोन तुकडे होऊन स्पीकरकडे पळायला लागतो. तिथून तीन-चार इंच परत आत या.

अंतर सारखं असणं हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. दोन्ही ट्विटर (वरचा, बारीक आवाज देणारे छोटे पडदे) तुमच्या नाकापासून सारख्याच अंतरावर पाहिजेत, अर्ध्या इंचाच्या आत. एक स्पीकर फूटभर जवळ असला तर आवाज जवळपास 1 मिलिसेकंद आधी पोचतो, आणि आपला मेंदू आधी आलेल्या आवाजाकडेच बघतो, हे हेल्मुट हास या संशोधकाने 1949 मध्ये दाखवलं, अजूनही त्याला हास इफेक्ट म्हणतात. म्हणून डोळ्यांनी अंदाज नको. गवंडी वापरतात ती दोरी खुर्चीच्या पाठीला डोक्याच्या जागी बांधा, एका ट्विटरपर्यंत ताणून गाठ मारा, तीच गाठ दुसऱ्या ट्विटरला लागते का बघा, हे टेपपेक्षा जलद होतं.

भिंतीपासूनची अंतरं मात्र दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी नसली तरी जगतं. कानापासूनचं अंतर आधी, भिंतीची सममिती नंतर.

उंची: हे पटकन

ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आपल्या सोफ्यावर साधारण 36 ते 40 इंच. स्टँड विकत महाग पडतात, फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचे वेल्ड करून घ्या, पाइपमध्ये अगदी सुकी वाळू भरा, आणि खाली-वर कडप्प्याचा तुकडा, ग्रॅनाइटच्या दुकानात असे कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. स्पाइक (टोकदार पाय) लावणार असाल तर टाइल वाचवायला खाली एक-एक नाणं. स्टँड बुटकं असेल तर स्पीकर थोडा मागे कलवून ट्विटर कानाकडे रोखा. आणि टीव्ही युनिटच्या कप्प्यात, काचेच्या शटरमागे बुकशेल्फ ठेवणं, नाव बुकशेल्फ असलं तरी, नको.

स्टेप 4: आता कोन

सरळ समोर बघणारे स्पीकर म्हणजे शून्य. समभुज त्रिकोणात दोन्ही थेट तुमच्या कानावर रोखले तर ते 30 डिग्री वळलेले असतात. बहुतेकांची बरोबर जागा यामध्ये कुठेतरी असते.

कोन मोजायला अॅप नको. स्पीकरच्या मागच्या दोन कोपऱ्यांचं भिंतीपासूनचं अंतर मोजा, आत वळवल्यावर आतल्या बाजूचा कोपरा भिंतीला जवळ येतो. कॅबिनेट 8 इंच रुंद असेल तर दोन कोपऱ्यांत 2 इंचांचा फरक म्हणजे साधारण 15 डिग्री आणि 4 इंचांचा म्हणजे 30. दोन्ही स्पीकरला हा फरक सारखा आला की कोन सारखा. खुर्चीत बसूनही कळतं: स्पीकरच्या आतल्या बाजूची फळी दिसते म्हणजे तो तुमच्या बाहेरून जातोय, काहीच फळी दिसत नाही म्हणजे थेट तुमच्यावर, बाहेरची फळी दिसते म्हणजे तो तुमच्या समोर क्रॉस होतोय.

सुरुवात अशी करा की दोन्हीच्या रेषा तुमच्या डोक्याच्या फूट-दीड फूट मागे मिळतील, आतली फळी अगदी चिमूटभर दिसेल. मग मोनो गाणं लावून दोन-तीन डिग्रीच्या पायऱ्यांनी आत-बाहेर करा. आत वळवलं की मधला आवाज घट्ट होतो, ट्विटरचा उजेड वाढतो, आणि बाजूच्या भिंतीवर कमी आवाज आपटतो. बाहेर वळवलं की मांडणी रुंद होते, वरचा भाग मवाळ होतो, आणि गायक जरा पसरट. दोन फुटांवर भिंत असलेल्या आपल्या 10 फुटी हॉलमध्ये साधारणपणे जास्त वळवलेलंच चांगलं लागतं. टाळ, झांज, 'स'चा उच्चार कानाला टोचायला लागला की दोन डिग्री परत बाहेर, ट्रेबलचा नॉब फिरवण्याआधी हे करून बघा.

पण स्पीकरचं मॅन्युअल आधी वाचा. डालीसारखी कंपनी स्वतःच सांगते की आमचे स्पीकर आत वळवू नका, सरळ ठेवा, कारण ते तसेच ट्यून केलेत. उलट कर्ण्यासारख्या तोंडाचे हॉर्नवाले स्पीकर अरुंद झोत टाकतात, त्यांना जास्त वळवावं लागतं.

आणि एक भारी युक्ती, सोफ्यावर तिघं बसत असतील तर. स्पीकर इतके वळवा की रेषा मधल्या माणसाच्याही समोर क्रॉस होतील. डावीकडे बसलेल्याला डावा स्पीकर जवळ असतो, पण तो त्याच्यापासून वळलेला असल्यामुळे जरा हळू लागतो, आणि लांबचा उजवा थेट त्याच्यावर रोखलेला असतो म्हणून जरा जोरात, दोघं मिळून मांडणी बऱ्यापैकी मध्ये राहते. एकट्याच्या जागेला मिळतो तेवढा काटेकोरपणा नाही मिळत, पण घरातलं भांडण मिटतं.

गायक एका बाजूला ओढला जातोय, मग?

याचं कारण शोधायची एक सरळ वाट आहे. आधी दोरीने अंतर परत मोजा. बरोबर असेल तर अँपच्या मागे डावी आणि उजवी स्पीकर वायर अदलाबदल करा. गायक आता दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या आधी आहे, स्वस्त अँपचे व्हॉल्युम नॉब अगदी कमी आवाजावर दोन बाजूंना सारखं देत नाहीत, आवाज थोडा वाढवून बघा. गायक तिथेच राहिला तर दोष स्पीकरचा किंवा खोलीचा. मग स्पीकरच जागचे बदला, ओढ त्याच्याबरोबर गेली तर स्पीकर, नाही गेली तर खोली.

खोलीचा दोष असतोच आपल्याकडे, कारण एकीकडे भिंत आणि एकीकडे डायनिंगची मोकळी जागा. भिंतीच्या बाजूने जास्त आवाज परत येतो. आरसा घेऊन कोणालातरी भिंतीवरून सरकवत न्यायला सांगा, तुम्ही खुर्चीत बसा, आरशात ज्या जागी ट्विटर दिसेल तिथून आवाज आपटून तुमच्याकडे येतोय. तिथे जाड पडदा, पुस्तकांचं उघडं कपाट, काहीही मऊ किंवा खडबडीत. बाल्कनीच्या काचेला काचेच्या दुप्पट रुंदीचं कापड लावून चुण्या पडू द्या, ताणून लावलेला पातळ पडदा काही करत नाही. जमिनीवर स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड गालिचा किंवा सतरंजीवर गोधडी, आणि काचेचा टीपॉय ऐकताना बाजूला. एवढं करूनही थोडी ओढ राहिली तर बॅलन्स नॉब थोडासा फिरवायला लाजू नका, तो त्याचसाठी असतो. टीव्ही मध्ये असेल तर स्पीकरची समोरची पट्टी स्क्रीनच्या किमान फूटभर पुढे घ्या.

मोजायचं असेल तर

खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मिनीडीएसपीचा यूमिक-1 माइक त्याच्याबरोबर चालतो आणि त्याची कॅलिब्रेशन फाइल मिळते. माइक डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीला, आणि 20 ते 300 हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर. आलेख सपाट येणार नाही, कोणाचाच येत नाही. दोन जागांचे आलेख एकमेकांवर ठेवून कुठली कमी वाकडी ते बघायचं. आणि लक्षात ठेवा, वर आलेला डोंगर ईक्यूने (इक्वलायझरने) कापता येतो पण खोल खड्डा भरता येत नाही, कारण तिथे तुम्ही जेवढा आवाज वाढवाल तेवढाच परत येऊन त्याला मारतो. खड्डा फक्त स्पीकर किंवा खुर्ची हलवून जातो. स्वीप चालू असताना शोकेसची काच, खिडकीची ग्रिल, कपाटावरचा स्टीलचा डबा काय काय वाजतं तेही कळतं, तिथे फेल्टचे तुकडे चिकटवा.

सगळं जमलं की लगेच प्रत्येक स्पीकरच्या चारही कोपऱ्यांना जमिनीवर टेप लावा आणि भिंतीपासूनची सगळी मापं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. लादी पुसताना स्पीकर हलतोच, आणि टेपसुद्धा पाण्याने निघून जाते, म्हणून फोटो पाहिजेच.